‘माणूस दारातनं आत आला की कळतंय मला’

पत्र:
ताई, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उद्यमनगरातल्या भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली. आज दीडशेवर माणसं कामाला आहेत. मी पुण्यात एमबीए करून दोन वर्षांपूर्वी परत आले आणि भरतीचं काम माझ्याकडे आलं. गेल्या वर्षी आम्ही प्रॉडक्शन मॅनेजर घेतला. मुलाखतीत तो इतका छान बोलला की आबा म्हणाले, आता दुसरा बघायचा नाही. सात महिन्यांत तो गेला आणि त्याच्याआधी मोल्डिंगची, म्हणजे साचे करणारी, दोन चांगली माणसं सोडून गेली. त्याच्यात लीडरशिप नव्हती, असं आम्ही सगळेच म्हणतो. आता परत भरती आहे. या वेळी मी मास्लो, हर्झबर्ग, मॅक्लेलंड, मॅकग्रेगर हे माणसाच्या कामाच्या प्रेरणेवर लिहिणारे सगळे काढून चाळीस प्रश्नांची यादी केली आहे, ती सोबत जोडते. आबा म्हणतात, ‘माणूस दारातनं आत आला की कळतंय मला, हे कशाला?’ शिवाय अठरा वर्षं आमच्याकडे असलेले एक सुपरवायझर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनाही ही जागा हवी आहे. त्यांच्यासमोर ही यादी घेऊन बसायचं म्हणजे मला कसंतरीच वाटतं. मानसशास्त्राचा आधार घेऊन प्रश्न करायचे तर कसे? आणि उमेदवाराला न कळत त्याचं मन तपासणं बरोबर आहे का?
– शिरोलीची एक लेक

उत्तर:
तुमची यादी मी दोनदा वाचली. ‘तुम्हाला सत्ता आवडते की माणसं?’, ‘पगार महत्त्वाचा की मान?’, ‘कामगार मुळात आळशी असतो असं वाटतं का?’ या तीन प्रश्नांची उत्तरं मी आत्ताच लिहून देते: माणसं, मान आणि नाही. तुमच्यासमोर बसणारा प्रत्येक जण हीच देईल. गेल्या वर्षीच्या मॅनेजरने तर ती सगळ्यांत छान दिली असती.

तुम्ही सिद्धांत वाचलेत ही चांगलीच गोष्ट आहे. गफलत एवढीच झाली की ते सरळ प्रश्नात उतरले. सिद्धांत आपल्याला काय ऐकायचं ते सांगतो, आणि प्रश्न आपल्याच शॉपवरून, म्हणजे कामाच्या जागेवरून, यावा लागतो. तुमच्या यादीत वाळू नाही, भट्टी नाही, फेटलिंगची, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतानाची, धूळ नाही. ती बँकेच्या मॅनेजरलाही विचारता येईल आणि हॉटेलच्याही. आपल्याकडे तालमीत नवं पोरगं आलं तर वस्ताद त्याला ‘तुझ्यात जिद्द किती?’ असं विचारत बसत नाहीत. मातीत उतरवतात, जोड लावतात आणि बघतात. मुलाखतीत प्रत्यक्ष माती नसते, म्हणून प्रश्नातून ती आणायची.

हा रस्ता मी चूक करून शिकले. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका कारखान्याच्या पर्सोनेल विभागात असताना मेंटेनन्ससाठी माणूस निवडायच्या समितीवर मी होते. एक उमेदवार आमच्याच तालुक्यातला निघाला, गप्पा रंगल्या, ओळखी निघाल्या. दुसरा थांबून थांबून बोलत होता आणि कधी कधी ‘हे मला आठवत नाही’ असं सरळ म्हणत होता. आम्ही पहिल्याला घेतलं. वर्ष संपायच्या आत त्याच्या हाताखालचा सर्वांत हुशार फिटर राजीनामा द्यायला माझ्याकडे आला. तो म्हणाला, ‘साहेबांना चूक सांगितली की आठवडाभर बोलत नाहीत.’ मुलाखतीतला एकही प्रश्न ही गोष्ट बाहेर काढणारा नव्हता. तो फिटर गेला, त्याची रुखरुख आजही आहे.

तर पहिलं काम. ‘लीडरशिप नव्हती’ हे वाक्य बाजूला ठेवा आणि तो मॅनेजर नेमकं काय करायचा किंवा काय करायचा नाही, ते कागदावर आणा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलातल्या मानसशास्त्रज्ञांसमोर असाच पेच होता. वैमानिक प्रशिक्षणातून काढून टाकलेल्यांच्या नोंदी बघितल्या तर ‘स्वभाव अयोग्य’, ‘उड्डाणाची उपजत क्षमता नाही’ असे ठोकळेबाज शेरे होते. त्यातून पुढच्या निवडीसाठी काहीच शिकता येईना. जॉन फ्लॅनॅगन यांनी मग शेरे सोडून प्रसंग गोळा करायला सुरुवात केली: कुठे, कोण, काय केलं, त्याचं काय झालं. ही पद्धत त्यांनी १९५४ मध्ये सविस्तर लिहिली आणि आजही कामाचं मोजमाप करणारे बरेच जण तिच्यापासून सुरुवात करतात.

तुम्हीही तेच करा. क्वालिटी, मेंटेनन्स, डिस्पॅच, कोअर शॉप, प्रत्येक ठिकाणच्या दोघांकडे चहाच्या वेळेला जाऊन बसा आणि एवढंच विचारा: ‘गेल्या वर्षभरात मॅनेजरने केलेल्या एखाद्या गोष्टीने काम सावरलं असं कधी झालं? बिघडलं असं कधी?’ मत नको, प्रसंग हवा. ‘ते तापट होते’ असं कोणी म्हटलं की विचारा, ‘शेवटचं कधी तापले? काय झालं होतं?’ वीस-पंचवीस प्रसंग जमले की त्यांचे आपोआप पाच-सहा गठ्ठे पडतील. रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, लपवणं हा एक असेल, आपल्या माणसाला सूट देणं हा दुसरा, ग्राहकाला उशिरा कळवणं हा तिसरा. तुमच्या मुलाखतीचे विषय हेच. एक काळजी घ्या: मामा स्वतः उमेदवार आहेत, त्यांना या गप्पांत घेऊ नका. नाहीतर प्रश्न त्यांना आधीच कळतील आणि बाहेरच्यावर अन्याय होईल.

आता सिद्धांत कुठे कामाला येतात ते बघू.

मॅक्लेलंड यांच्यापासून सुरू करते, कारण तुमच्या यादीत सर्वांत जास्त प्रश्न त्यांच्या नावाचे आहेत. यश, सत्ता आणि आपुलकी या तीन ओढी त्यांनी सांगितल्या. पण त्या मोजताना त्यांनी माणसाला सरळ विचारलं नाही. चित्र दाखवायचे, गोष्ट रचायला सांगायचे आणि त्या गोष्टीत काय येतं ते तपासायचे. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर त्यांचा भरवसाच नव्हता. हा माणूस आपल्या देशातही येऊन काम करून गेला. १९६४ मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याच्या लहान उद्योजकांसाठी यशाची ओढ वाढवणारं प्रशिक्षण त्यांनी सुरू केलं होतं. पुढे १९७६ मध्ये डेव्हिड बर्नहॅम यांच्याबरोबर त्यांनी मॅनेजर लोकांचा अभ्यास मांडला, तो तुमच्या अगदी कामाचा आहे. यशाची ओढ असलेला माणूस स्वतः काम करून दाखवतो. धंदा उभा करायला हेच लागतं, आबांनी उद्यमनगरात हेच केलं असणार. मॅनेजरला मात्र दुसऱ्यांकडून काम करून घ्यायचं असतं. त्या अभ्यासात चांगले मॅनेजर निघाले ते असे, की ज्यांना दुसऱ्यांवर प्रभाव पाडायची ओढ होती, पण ती संस्थेसाठी वापरायचा संयमही होता. सगळ्यांना आपण आवडावं असं फार वाटणारे मागे पडले. कारण साधं आहे. असा माणूस समोर आलेल्याला नाही म्हणू शकत नाही. एकाला रजा देतो, दुसऱ्याला नियम सांगतो. आणि तिसरा शिफ्टमध्ये उभा राहून हे सगळं बघत असतो.

म्हणून आबांना मुलाखतीत कोण आवडतं याकडे एकदा लक्ष द्या. माझा अंदाज असा, की त्यांना स्वतः लॅडलजवळ, म्हणजे वितळलेल्या धातूच्या भांड्याजवळ, जाऊन उभा राहणारा माणूस आवडतो, म्हणजे तरुणपणचे आबाच. तो माणूस वाईट नसतो, पण दीडशे माणसांच्या कारखान्यात तो एकटा सगळीकडे पुरत नाही.

सत्तेबद्दलचा तुमचा प्रश्न काढून टाका आणि हा घ्या: ‘तुमच्या जवळच्या, विश्वासातल्या माणसाला नाही म्हणावं लागलं असा एखादा प्रसंग सांगा. त्याला काय सांगितलं? कुठे सांगितलं? नंतर तुमचं कसं राहिलं?’ यात मॅक्लेलंड यांचं नावही नाही, पण ऐकताना त्यांचं सगळं तुमच्या कानात असेल. ‘माझ्यावर अशी वेळच आली नाही’ म्हणणाऱ्याने एकतर कधी नाही म्हटलं नाही किंवा माणसं जवळ येऊ दिली नाहीत. ‘एचआरकडून निरोप दिला’ म्हणणारा मधला. स्वतः बाजूला घेऊन कारण सांगणारा, नंतरची नाराजी अंगावर घेणारा आणि तरी नियम न बदलणारा वरचा. घडलेलं विचारायचं, कारण माणूस पुढे काय करील याचा त्यातल्या त्यात चांगला अंदाज त्याने मागे काय केलं यावरून येतो. टॉम जान्झ यांनी १९८२ मध्ये याच तत्त्वावर मुलाखतीची पद्धत मांडली. विचारताना ‘आम्ही’वर थांबू नका. ‘आम्ही रिजेक्शन खाली आणलं’ असं आलं की शांतपणे विचारा, ‘त्यात तुम्ही स्वतः काय केलंत? पहिल्या दिवशी काय केलं?’ ज्याने केलेलं असतं त्याला पहिला दिवस आठवतो.

दुसऱ्या प्रकारचा प्रश्न पुढच्या प्रसंगाचा. १९८० मध्ये गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बांधला. त्यामागचा विचार ध्येयांच्या सिद्धांतातून आलेला आहे: माणसाचा इरादा आणि त्याची कृती यांचं नातं घट्ट असतं. पण इथे अट अशी, की दोन्हीकडून ओढ लागली पाहिजे, बरोबर उत्तर उघडं दिसता कामा नये. शिरोलीत राहून अशा प्रसंगासाठी लांब जायला नको. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैत महामार्ग तुमच्या दारातच बंद पडला होता. मग असं विचारा: ‘पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४१ फूट आहे. इशारा ३९ला, धोका ४३ला. पाऊस थांबत नाही. दुपारचे साडेतीन वाजलेत. दुसऱ्या शिफ्टची निम्मी माणसं नदीपलीकडची आहेत, पहिल्या शिफ्टची घरी जायला निघालीत. भट्टीत धातू तयार आहे. पुण्याच्या ग्राहकाचा ट्रक भरून उभा आहे आणि उद्या त्याची लाईन थांबेल. मालकांचा फोन लागत नाही. काय कराल, कोणत्या क्रमाने?’ आकडे प्रश्नातच द्या. बाहेरगावच्या उमेदवाराला राजाराम बंधारा माहीत नसतो, आणि आपण काही भूगोलाची परीक्षा घेत नाही.

उत्तर ऐकायच्या आधीच, म्हणजे मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात, गुणांची पट्टी लिहून ठेवा. फोन लागेपर्यंत वाट बघणारा किंवा फक्त ट्रक काढून देणारा एक गुणावर. माणसांची सोय करतो, उरलेला धातू ओतून भट्टी मोकळी करतो, पण ग्राहकाला कळवायचं विसरतो तो तीनवर. घरी जाणारे आणि थांबणारे आधी वेगळे करतो, थांबणाऱ्यांच्या जेवणाझोपण्याचं बघतो, भट्टी सुरक्षित करतो, ग्राहकाला त्याच तासात खरं सांगतो आणि हे करताना कोणाचा सल्ला घेईन तेही सांगतो, तो पाचवर. तुमची पट्टी वेगळी असेल, असूदे. ती आधी लिहिलेली असणं महत्त्वाचं. नाहीतर आवडलेल्या माणसाचं उत्तर आपल्याला बरोबर वाटायला लागतं.

वरच्या पदांसाठी या दोन प्रकारांत घडलेल्या प्रसंगांचे प्रश्न जास्त उपयोगी पडतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा चार प्रश्न मागचे, दोन पुढचे ठेवा. सहाच. चाळीस विचारलेत तर सगळे वरवरचे होतील. एका प्रसंगात पुरतं शिरायलाच दहा मिनिटं लागतात.

हर्झबर्ग यांच्या बाबतीत तर गंमतच आहे. ‘पगार की मान’ हा प्रश्न तुम्ही त्यांच्या नावावर लिहिलाय, पण त्यांनी तो कधी विचारलाच नाही. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना कामावर फार चांगलं वाटलं तो काळ आणि फार वाईट वाटलं तो काळ सांगायला सांगितलं होतं. म्हणजे प्रसंगच. त्यावर पुढे जो आक्षेप आला तोही तुमच्या कामाचा आहे: चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो, वाईट झालं की साहेब, कंपनी, पगार यांच्यावर ढकलतो. तेव्हा मॅनेजरला त्याच्या स्वतःच्या समाधानाबद्दल विचारून फार हाती लागत नाही. त्याच्या हाताखालच्या माणसाबद्दल विचारा: ‘तुमचा एखादा चांगला कामगार सोडून गेला असेल. का गेला? ते तुम्हाला कसं कळलं?’ ‘पाचशे जास्त मिळाले म्हणून’ एवढ्यावर थांबणारा आणि ‘नंतर त्याच्या घरी गेलो, तेव्हा समजलं’ म्हणणारा, यांच्यातला फरक सांगायला कोणताही सिद्धांत लागत नाही. तुमचे दोन मोल्डर का गेले, हे आधीच्या मॅनेजरला सांगता आलं असतं का? तुम्हाला येतं का? त्या दोघांना एकदा फोन करा. इतर कोणत्याही प्रसंगापेक्षा ते जास्त शिकवतील.

मॅकग्रेगर यांचा १९६०चा एक्स आणि वाय सिद्धांत, म्हणजे माणसाला काम नकोच असतं असं धरणारा साहेब आणि योग्य परिस्थितीत माणूस जबाबदारी शोधतो असं धरणारा साहेब. हा फक्त ऐकताना लक्षात ठेवा. ‘चांगलं रेकॉर्ड असलेल्या फेटलरचे नग आठवडाभर निम्म्यावर आलेत’ असा प्रसंग द्या आणि बघा, तो आधी चौकशी करतो की मेमो काढतो. बस्स.

ज्या गोष्टीचा तुमच्या यादीत उल्लेखच नाही, पण फौंड्रीत जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती एमी एडमंडसन यांच्या कामातली. रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा त्या अभ्यास करत होत्या. चांगल्या तुकड्यांत चुका कमी निघतील असं वाटलं होतं, निघाल्या जास्त. कारण तिथे लोक चुका सांगत होते. बाकीच्यांकडे त्या लपत होत्या. १९९९ मध्ये त्यांनी याची मानसिक सुरक्षितता या नावाने मांडणी केली. आता शॉपवर या. ब्लो होल, म्हणजे वायूमुळे पडलेलं छिद्र, आलेलं कास्टिंग भंगारात गुपचूप फेकायला दोन मिनिटं लागतात. मॅनेजर बदलल्यावर रिजेक्शनचा आकडा खाली आला तर ते कमी झालं की कमी दिसायला लागलं, हे रजिस्टरवरून कळत नाही. म्हणून विचारा: ‘तुमची स्वतःची चूक हाताखालच्या माणसाने तुम्हाला दाखवून दिली, असं शेवटचं कधी झालं? तो काय म्हणाला? तुम्ही काय केलंत?’ आणि पुढे, ‘त्यानंतर त्याने पुन्हा कधी काही दाखवलं का?’ माझ्या त्या फिटरचं नाव मी या प्रश्नाला मनातल्या मनात दिलेलं आहे. सहापैकी एकच प्रश्न ठेवायला सांगितला तर मी हा ठेवीन.

आता आबा. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, पण त्यांच्या अंदाजाला योग्य वेळ द्या. डॅनियल काहनेमन यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या कितीतरी आधी, १९५० च्या दशकात, विशीतले तरुण अधिकारी म्हणून त्यांच्यावर इस्रायली सैन्यातल्या मुलाखती सुधारायचं काम आलं. मुलाखत घेणारे आधी गप्पा मारायचे आणि शेवटी एकूण मत द्यायचे. त्याचा पुढच्या कामगिरीशी मेळ बसत नव्हता. काहनेमन यांनी सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी घडलेल्या गोष्टींबद्दलचे प्रश्न ठरवले आणि एक गुण संपला की त्याचा आकडा लिहायचा, मगच पुढे जायचं असा नियम केला. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करताय म्हणाले. तेव्हा त्यांनी एक सवलत दिली: सगळे आकडे लिहून झाले की डोळे मिटा, हा माणूस सैनिक म्हणून डोळ्यासमोर आणा आणि तुमचा अंदाज लिहा. आश्चर्य असं, की तो शेवटचा अंदाजही सहा गुणांच्या बेरजेइतकाच चांगला निघाला. आबांना हेच सांगा. अंदाज द्यायचा, पण दारात नाही. सहा आकडे लिहून झाल्यावर.

दारातला अंदाज का नको, तेही त्यांना सांगा. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं, की वरिष्ठ अधिकारी एखाद्याला देहयष्टीत वरचढ गुण देतात तेव्हा बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांतही तसेच देतात. एक चांगली गोष्ट सगळ्यावर प्रकाश पाडते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर काही विद्यार्थ्यांना मुलाखतीत मनाजोगी नव्हे, एका गुप्त नियमाने ठरणारी, अर्थाशी संबंध नसलेली हो-नाही उत्तरं द्यायला सांगितलं होतं. समोरच्यांना पत्ता लागला नाही. त्यांना वाटत राहिलं, आपल्याला हा माणूस समजला. आबांची नजर साध्या माणसाची नाही, चाळीस वर्षं मुरलेली आहे, हे खरं. पण आपण नाकारलेला माणूस दुसरीकडे कसा निघाला हे कोणत्याच मालकाला कधी दिसत नाही, त्यामुळे नजर कुठे चुकली ते तिला कळायला मार्गच नसतो.

यात आपल्याकडची एक सवय येते, तिच्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. ‘गाव कुठलं? पाव्हणे कोण?’ मुलाखत इथूनच सुरू होते. विचारणाऱ्याला ती आपुलकी वाटते. पण त्या दोन प्रश्नांत आडनाव, जात, भावकी सगळं टेबलावर येतं आणि पुढची उत्तरं त्याच्या उजेडात ऐकली जातात. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, त्या गावात तरी माणूस निवडायच्या खोलीत हे प्रश्न नकोत. चहाच्या वेळेलाही नकोत, निकाल लागेपर्यंत. बाई उमेदवार आली तर लग्न, मुलं, ‘घरचे सोडतील का?’ यातलं काहीच विचारायचं नाही. भरतीत बाई म्हणून भेद करायला १९७६च्या समान वेतन कायद्यापासूनच मनाई आहे. रात्रपाळीची गरज असेल तर ती प्रत्येकाला सांगा, एकाच वाक्यात.

मन न कळत तपासण्याबद्दल तुम्ही विचारलंत, याचं मला बरं वाटलं. माझं उत्तर: नाही, बरोबर नाही, आणि त्याची गरजही नाही. सापळ्याचा प्रश्न चलाख माणसाला सापडतो आणि सरळ माणसाला अडकवतो. चार दिवस आधी प्रत्येकाला कळवा, की तुमच्या कामातले खरे प्रसंग विचारू, आठवून या, मुलाखत सव्वा तासाची आहे. तयारी करून आलेलं उत्तर खोटं असतं असं नाही. खोदून विचारलं की खरं-खोटं वेगळं होतं. बालपण, घरातली भांडणं, मनाचे आजार यांच्या जवळपास जाऊ नका. आपण डॉक्टर नाही. स्वभावाचे चार अक्षरी प्रकार सांगणारी चाचणी कोणी विकायला आलं तर तीही घेऊ नका. त्या चाचणीची मूळ कंपनी स्वतःच सांगते, की ती निवडीसाठी नाही.

एवढं सगळं करूनही मुलाखत किती सांगते? एक म्हणजे अचूक भाकीत आणि शून्य म्हणजे नुसता योगायोग असं धरलं, तर २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास पुन्हा तपासून बांधीव, म्हणजे प्रश्न आणि गुणांची पट्टी आधी ठरवलेल्या, मुलाखतीला सरासरी ०.४२ दिलं. निवडीच्या सगळ्या पद्धतींत ते सर्वांत वर होतं. तरीही ते ०.४२च आहे. म्हणून शेवटच्या दोघांना अर्धा दिवस शॉपवर न्या. वाळूच्या प्लँटपासून डिस्पॅचपर्यंत फिरवा, गेल्या महिन्याचं रिजेक्शन रजिस्टर हातात द्या आणि ‘पहिल्या पंधरा दिवसांत काय बघाल?’ ते विचारा. कामगारांशी बोलायला मोकळं सोडा. कोणाला काय विचारतो ते दुसऱ्या दिवशी त्या माणसांकडून ऐका. आधीच्या ठिकाणीही फोन करा, पण साहेबाला नको. त्याच्या हाताखाली काम केलेल्याला करा, आणि उमेदवाराची परवानगी घेऊन.

मामांबद्दल शेवटी लिहिते, कारण मला वाटतं तुम्हाला खरी झोप लागत नाही ती त्यांच्यामुळे. त्यांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने, मुलाखत घेणाऱ्या त्याच माणसांसमोर. त्यांची उत्तरं तुम्हाला माहीत आहेत असं वाटलं तरी विचारा, नसतात माहीत. अठरा वर्षांत त्यांनी काय काय निस्तरलंय ते कोणी कधी बसून ऐकलेलंच नसतं. मुलाखत सगळ्यांचीच मराठीत घ्या, ग्राहकाशी इंग्रजीत बोलावं लागत असेल तर तेवढी ईमेल स्वतंत्र लिहून घ्या. आणि ते उत्तम सुपरवायझर आहेत म्हणून उत्तम मॅनेजर होतील असं धरू नका, होणार नाहीत असंही धरू नका. पट्टीवर जे येईल ते.

जाहिरात द्यायच्या आधी त्यांना केबिनमध्ये बोलवू नका, तुम्ही त्यांच्याकडे जा. कशी मुलाखत असेल, कोण असेल, निकाल काहीही लागला तरी तो तुम्ही स्वतः, सगळ्यांच्या आधी त्यांना सांगाल, आणि कुठल्या प्रश्नाला किती गुण पडले तो कागद त्यांच्यासमोर ठेवाल, हे बोला. नाही म्हणायची वेळ आली तर तोच कागद घेऊन त्यांच्या घरी जा. आबांना बरोबर घ्या. अठरा वर्षांपूर्वी मामांना त्यांनीच घेतलं होतं ना?